हवेचा जॅक: लाईट गेली तर गाडी खाली येईल का?

गेल्या अंकात हायवेच्या कडेला ट्रकचं मागचं चाक बदलताना काय काय बघायचं यावर दोन पानं लिहिली होती. त्यात जाता जाता एका ओळीत म्हटलं होतं की आता बऱ्याच टायरवाल्यांकडे हवेवर चालणारे हायड्रॉलिक जॅक आलेत, हात मारायची कटकट गेली पण काळजी घ्यायची सवय नाही गेली पाहिजे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळचं आख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, गावं छापतो. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (सांगली): आमच्या चार गाड्या आहेत, ट्रान्स्पोर्टचा धंदा आहे. लांब दांड्याचा एअर हायड्रॉलिक जॅक मागवला, तो खोक्यात सुट्टा आला. बेस, दांडा, दोन चाकं, नळ्या, नटबोल्टची पिशवी आणि एक इंग्रजी कागद. पोरं म्हणतात जोडून लगेच लोड गाडीला लावू. जोडायचं कसं आणि लगेच लावावा का?

उत्तर: दादा, लगेच नाही लावायचा, आणि तो इंग्रजी कागद टाकूनही द्यायचा नाही, कारण तुमच्या मॉडेलला किती हवा लागते, कुठलं तेल आहे आणि तेलाचं बूच कुठंय हे फक्त त्याच कागदावर असतं.

आधी खोकं उघडल्या उघडल्या राम, म्हणजे तो वर येणारा चकचकीत दांडा, बघा. ओरखडा, गंज किंवा वाकडेपणा दिसला तर जोडायलाच बसू नका, परत पाठवा. बेसच्या वेल्डिंगवर बोट फिरवा. मग बेस आडवा टाकून चाकं बसवा, पिन घातली की स्प्लिट पिन दोन्ही बाजूंनी वाकवून घ्या, नुसती खोचून ठेवली तर आठ दिवसांत पडते. दांडा बेसला जोडताना स्प्रिंग वायसर नटाच्या बाजूला येईल असं बघा आणि सगळे बोल्ट आधी हातानं बसवून मग पान्यानं आवळा, एकच बोल्ट पूर्ण आवळून दुसरा बसवायला गेलात की भोकं जुळत नाहीत आणि मग पोरं हातोडी काढतात. दांड्यातून बेसकडे जाणाऱ्या नळ्या दोन असतील तर एक वर न्यायची आणि एक खाली घ्यायची असते, त्यांची अदलाबदल झाली तर वर करायचं बटण दाबल्यावर काहीच होत नाही आणि माणूस उगाच हवेचं प्रेशर वाढवत बसतो, म्हणून काढतानाच नळीला रंगीत टेप लावून ठेवा. तेलाच्या टाकीला काही जॅकमध्ये प्रवासापुरतं बंद बूच असतं आणि पिशवीत वेगळं श्वास घेणारं बूच दिलेलं असतं, ते बदलायचं राहून जातं.

जोडून झालं की हवा काढायची, म्हणजे तेलात अडकलेली हवा. जॅकवर काहीही वजन नको. रिलीज व्हॉल्व, म्हणजे तेल परत सोडून जॅक खाली आणणारा, उघडा ठेवून हवेचं बटण दहा पंधरा सेकंद दाबून धरा, पंप आतल्या आत तेल फिरवतो आणि बुडबुडे टाकीत निघून जातात. मग व्हॉल्व बंद करा, राम पूर्ण वर, पूर्ण खाली, असं दोन तीनदा. राम धक्के खात वर येत असेल तर अजून हवा आहे, परत करा. हवा येते त्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे चार पाच थेंब टाकून दोन तीन सेकंद चालवा, आतली मोटर कोरडी चालली की लवकर खराब होते.

आणि पहिली गाडी रिकामी घ्या. थोडी उचला, शेजारी गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड लावा पण स्टँड आणि एक्सल यांच्यात बोटभर जागा ठेवा, रामावर मार्करनं खूण करा आणि चहा पिऊन या. दहा मिनिटांनी खूण डोळ्यांना दिसेल एवढी सरकली असेल तर तो जॅक लोड गाडीला लावायचा नाही. बस, एवढं झालं की मग कामाला घ्या.

प्रश्न (जालना): आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. गाडी वर असताना कॉम्प्रेसर बंद पडला तर गाडी धाडकन खाली येईल का? पोरं या भीतीनं जुना हाताचा जॅकच वापरतात.

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, आणि बरं झालं विचारला. खाली येत नाही. या जॅकमध्ये हवा गाडी धरून ठेवत नाही, हवा फक्त पंप मारते. तुमच्या हाताच्या जागी हवेची छोटी मोटर आहे, ती टकटकटक करत छोटा पिस्टन मागं पुढं हलवते, तो तेल दाबून मोठ्या रामाखाली ढकलतो, आणि ढकललेलं तेल परत मागं येऊ नये म्हणून मध्ये चेक व्हॉल्व असतो, एका बाजूलाच उघडणारं दार समजा. लाईट गेली, हवेची नळी फुटली, नळी जोडायचा कपलर निसटला, तरी तेल जागच्या जागी अडकलेलं असतं. हाताच्या बॉटल जॅकमध्येही हेच असतं. कल्पना काही नवी नाही, हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामानं इंग्लंडमध्ये १७९५ ला घेतलं आणि उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं १८५१ ला पेटंट केला. हवा तेवढी नंतर आली.

पण आता दुसरी बाजू ऐका. तो चेक व्हॉल्व एका छोट्या गोळीवर आणि सीलवर टिकून असतो, आणि त्या गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी गाडी हळूहळू उतरायला लागते, आवाज न करता. म्हणून लाईट असो नसो, जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँडशिवाय कुणी हातसुद्धा घालायचा नाही. जॅकचं काम उचलायचं, धरून ठेवायचं काम स्टँडचं, ज्याला आपण घोडी म्हणतो तिचं.

अजून दोन गोष्टी. काही लांब दांड्याच्या जॅकमध्ये राम परत आत घ्यायलासुद्धा हवा लागते, म्हणजे लाईट गेली तर गाडी वरच राहील आणि खाली घेता येणार नाही. टाकीत हवा शिल्लक असते तेवढ्यात काम उरका, नाहीतर थांबा, रिलीज व्हॉल्वशी खेळू नका. आणि दुसरं म्हणजे रबरी फुग्याचा जॅक मिळतो, काही तर गाडीच्या सायलेन्सरच्या धुरावर फुगतात, तो वेगळा. त्यात खरोखर हवेवरच गाडी उभी असते आणि फुगा फाटला की गाडी खाली. नावात दोन्हीकडे एअर आहे म्हणून लोकांची गल्लत होते.

प्रश्न (नाशिक): वडिलांनंतर टायरचं दुकान मी चालवते. २० टनाचा हवेचा जॅक आहे. रिकामा ट्रक भरभर उचलतो, पण लोड गाडीला अर्धवट येऊन थांबतो, नुसता टकटक आवाज. डीलर म्हणतो जॅक ठीक आहे. मग मला दुसरा घ्यावा लागणार का?

उत्तर: ताई, पैसे घालवू नका अजून. आधी कॉम्प्रेसरचा काटा बघा, आणि टाकीवरचा नको, जॅकच्या तोंडाशी किती येतंय ते बघा. हिशोब सोपा आहे, तुम्हीच मांडून बघा. समजा हवेच्या मोटरचा पिस्टन ७० मिमीचा आणि तेल ढकलणारा प्लंजर ८ मिमीचा, तर क्षेत्रफळाचा फरक जवळपास ७६ पट. हवा ८ बार म्हणजे साधारण ११६ पीएसआय दिली तर तेलाला ६१० बारच्या आसपास दाब मिळतो, आणि राम ६० मिमीचा असेल तर तो साडेसतरा टन उचलेल. आता तीच हवा ५ बारवर आली की तोच जॅक ११ टनावर अडतो. जॅक तोच, तेल तेच. आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या जॅकचे वेगळे असतील, पण २० टन हा जो आकडा वर छापलाय तो पूर्ण हवा मिळाली तरचा आहे.

पंक्चरच्या दुकानात एकाच लाईनवर टायर भरणं, इम्पॅक्ट गन आणि जॅक तिन्ही चालू असतात, टाकी छोटी असते, नळी वीस मीटर लांब आणि बारीक असते आणि कपलर दोन जागी फुसफुसत असतो. मग गन चालू झाली की जॅक रुसतो. बहुतेक जॅकना साडेसात ते बारा बार म्हणजे साधारण ११० ते १७५ पीएसआय लागतं, तुमच्या पाटीवर नेमकं लिहिलेलं असेल. जाड आणि छोटी नळी लावा, गळके कपलर बदला, गन बंद ठेवून एकदा उचलून बघा. पाटीवरच्या वरच्या आकड्यापेक्षा जास्त हवा मात्र कधीच द्यायची नाही, रेग्युलेटर लावा. कुणी सांगेल की जॅकवरचा ओव्हरलोड व्हॉल्व थोडा आवळला की उचलतो, उचलेलही, पण मग जिथं थांबायला पाहिजे तिथं तो थांबणार नाही. त्या स्क्रूला हात लावू देऊ नका कुणाला.

हवा बरोबर असूनही थांबत असेल तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे. राम पूर्ण खाली घेऊनच तेल बघायचं, वर असताना भरलं तर खाली घेताना ते बुचातून बाहेर येतं किंवा सील ढकलतं. आणि दुकान तुम्ही चालवताय हे वाचून फार बरं वाटलं.

प्रश्न (नागपूर): बाहेरून आलेला जॅक घेतला, आपल्याकडचा कपलर लावला तर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी सूं सूं करतो. अजून आवळू का?

उत्तर: आवळू नका, चीर जाईल. बहुतेक अमेरिकी आटे असतील. आपल्याकडं पाव इंचाचं फिटिंग बहुतेक बीएसपी आट्याचं मिळतं, त्याला एका इंचात १९ आटे आणि कोन ५५ अंशांचा. अमेरिकेतल्या एनपीटीला इंचात १८ आटे आणि कोन ६० अंशांचा. म्हणून दोन फेरे छान बसतात, वाटतं बसलं, आणि मग अडकतं. टेपनं ही चूक झाकत नाही. हार्डवेअरच्या नाही तर न्यूमॅटिकच्या दुकानात जाऊन एका बाजूला एनपीटी आणि दुसरीकडं बीएसपी असा ॲडाप्टर मागा, छोटीशी गोष्ट आहे. टेप तीन चार फेरे, आटा आवळायच्या दिशेनं, आणि पहिला आटा मोकळा सोडून, नाहीतर टेपचा तुकडा आत जातो आणि हवेच्या मोटरमध्ये जाऊन अडकतो.

कपलर काढायच्या आधी लाईनचा कॉक बंद करून नळीतली हवा सोडा. प्रेशरवर सुटलेली नळी सापासारखी फिरते आणि बरोबर तोंडावर बसते, डोळ्याला चष्मा लावा.

इथंच एक सांगून ठेवतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. हवा गळत असेल तर साबणाचं पाणी लावून शोधा, पण तेल गळत असेल तर बोट फिरवून शोधू नका. या जॅकमध्ये तेलाचा दाब काही शे बार असतो, सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडीतून आत घुसते, बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजायला लागतो. असं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, तसंच मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि हायड्रॉलिकचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. ऑपरेशन करून ते काढावं लागतं, उशीर झाला तर बोट जातं. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा.

प्रश्न (पिंपरी): जॅकवर ५०/२५/१० असं लिहिलंय. म्हणजे नेमका किती टनाचा? सेटिंग कुठून बदलायचं?

उत्तर: सेटिंग नसतं. हा तीन टप्प्यांचा राम आहे, दुर्बिणीसारखा एकातून एक निघणारा. आधी जाडा टप्पा येतो तो ५० टनाचा, तो संपला की मधला, त्याची ताकद २५, आणि शेवटचा बारीक, तो फक्त १० टनाचा. म्हणजे जितकं वर जाल तितकी ताकद कमी, आणि लोक नेमके उलटं समजतात. आपल्याकडं चार टायरच्या मागच्या एक्सलला कायद्यानं साडेअकरा टन चालतात, एका बाजूनं उचलताना त्यातलं अर्ध्याच्या आसपास जॅकवर येतं, म्हणून शेवटच्या टप्प्यावर भागतं असं वाटेल, पण ओव्हरलोड गाडी, उतार आणि एका बाजूला कललेला माल आला की ते गणित बिघडतं. जॅकसोबत आलेला एक्स्टेन्शनचा तुकडा लावून जॅक उंचावरून सुरू करा म्हणजे काम जाड्या टप्प्यातच होतं. मात्र एकावर एक दोन तुकडे नको, आणि पाईप कापून घरी केलेला तुकडा तर मुळीच नको.

प्रश्न (कोल्हापूर): ऊसाच्या सीझनला ट्रॉली भरलेली असताना रस्त्यातच टायर जातो. ट्रॉलीला हँडब्रेक नाही. टायरवाला हवेचा जॅक आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीवर घालून येतो. चाकाला दगड लावला की पुरे ना?

उत्तर: पुरे नाही भाऊ, आणि या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो कारण दर सीझनला अशा अपघातांचं ऐकायला मिळतं.

पहिलं, ट्रॅक्टर सोडवून घ्यायचा नाही. तो जोडलेला, गिअरमध्ये, त्याचा ब्रेक लावून ठेवा. ट्रॅक्टर सोडवला आणि मागून उचललं की ट्रॉली नाकावर किंवा शेपटीवर कलंडू शकते. दुसरं, दगड गोल असतो, चाक त्यावर चढतं. लाकडाचा तिरका कापलेला गुटका करून घ्या, टायरच्या रुंदीएवढा, आणि उचलायचं चाक सोडून बाकीच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लावा. सुताराकडून चार गुटके करून ट्रॉलीला साखळीनं अडकवून ठेवले तर सीझनभर पुरतात.

हँडब्रेक असलेल्या गाडीवाल्यांनीही हे वाचावं. जुन्या काही गाड्यांना, जीप आणि काही ट्रकला, हँडब्रेक चाकाला नसतो, मागच्या फिरत्या शाफ्टला असतो. त्यात शाफ्ट धरून ठेवला जातो पण डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच, मोकळं असतं, म्हणजे मागचं एक चाक हवेत उचललं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं सुलटं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढं जाते. गिअरमध्ये टाकून ठेवलेल्या गाडीचंही तेच, कारण गिअरही शाफ्टलाच धरतो. म्हणून गुटका हाच खरा ब्रेक असं समजूनच काम करा. एअर ब्रेकच्या गाड्यांत पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं चाकाला लागतो ते चांगलं आहे, पण तो मागच्या चाकांना, आणि तुम्ही उचलताय तेही मागचंच चाक.

जमीन बघा. ऊसाचा रस्ता म्हणजे कडेला काळी माती किंवा मुरूम. शिकत होतो तेव्हा साताऱ्याच्या अलीकडं एका ट्रकखाली मे महिन्यात डांबरावर जॅक लावला होता, दुपारचे दोन, डांबर मऊ झालेलं, आणि बघता बघता जॅकचा बेस एका बाजूनं आत गेला आणि राम तिरका झाला. मी आत वाकणारच होतो. उस्तादनं मागं ओढलं, आणि त्यांनी आधीच काढलेली स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली होती, गाडी त्या टायरवर येऊन बसली. तेव्हापासून बेसखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट टाकल्याशिवाय मी जॅक लावलेला नाही. फळी बेसपेक्षा सगळ्या बाजूंनी वीतभर मोठी असावी. हवेच्या जॅकमध्ये हे जास्त जपायचं, कारण हातानं मारताना प्रत्येक दणक्याला माणूस थांबतो, बघतो, हवेनं मात्र बटण दाबलं की गाडी उचलतच जाते. म्हणून बटण दाबून धरायचं नाही, थोडं थोडं दाबा, प्रत्येक वेळी बेस आणि राम बघा, राम सरळ आहे ना, एक्सलवरचं टोक मध्यावर आहे ना.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करून घ्या, पण जोडीचे टायर असतील तर आधी हवा. जोडीच्या टायरमधली हवा दोन्ही टायरमधून काढून मगच नटाला हात लावा, व्हॉल्वची पिन काढली की निघते. लॉक रिंगची डिस्क, म्हणजे टायर धरणारी कडी वेगळी असलेली, असेल तर हे फार महत्त्वाचं, डिस्कला चीर गेलेली असली आणि टायरमध्ये हवा असली की नट ढिले होताच रिंग उडते. ट्रॉलीत वर माणसं बसलेली असतील तर उतरवा. आणि शक्य असेल तर माल उतरवा, मला माहितेय कारखान्याचा नंबर लागलेला असतो आणि ऊस उतरवायचं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतात, तरी सांगतो, निदान चाक ज्या बाजूचं आहे त्या बाजूचा तरी.

प्रश्न (फोंडा, गोवा): टिपरचं काम. पावसात जॅक सहा महिन्यांत जाम होतो. सगळ्यांचाच होतो का?

उत्तर: पाणी बाहेरून कमी, कॉम्प्रेसरमधून जास्त येतं. दमट हवा दाबली की पाणी टाकीत जमतं आणि तिथून सरळ जॅकच्या मोटरमध्ये. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात रोज संध्याकाळी टाकीखालचा ड्रेन उघडून बघा, लाल पाणी येईल. फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल थेंब थेंब सोडणारा असा तिघांचा संच मिळतो, एफआरएल म्हणतात, तो लाईनवर लावा. काम झालं की राम पूर्ण खाली घेऊन ठेवा म्हणजे पॉलिश केलेला भाग तेलात राहतो, आणि जांभ्याचा चिखल पुसल्याशिवाय खाली घेऊ नका, तो वाळू कागदासारखा सील खातो.

टिपरची बॉडी वर करून जॅक लावायचा नाही. बॉडी वर करावीच लागली तर तिचा स्वतःचा सेफ्टी दांडा लावा, आणि जॅकचं काम वेगळं, बॉडीचं काम वेगळं, दोन्ही एकदम नको.

प्रश्न (सोलापूर): तेल कमी झालं म्हणून घरात होतं ते ब्रेक ऑईल टाकलं. आता खालून पाझरतंय.

उत्तर: सील गेले. साधं ब्रेक ऑईल ग्लायकॉलचं असतं आणि जॅकमधले नेहमीचे रबर त्यात फुगतात, मऊ पडतात. सगळं तेल काढा, स्वच्छ करा, सील किट बदला आणि मग हायड्रॉलिक जॅकचं तेल भरा. बऱ्याच जॅकना २२ किंवा ३२ नंबरचं पातळ तेल लागतं. जेसीबीतलं घट्ट ६८ नंबरचं घातलं तर जॅक थंडीत मंद चालतो. इंजिन ऑईल पण नको.

प्रश्न (टेक्सास): घरी स्वतःच्या पिकअपचं काम करतो. जॅक नीट आहे, पण स्टँडवर कितपत विश्वास ठेवायचा? इथं स्टँड परत मागवल्याची बातमी वाचली होती.

उत्तर: बरोबर वाचलंत. २०२० मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारं विकणाऱ्या अमेरिकी कंपनीनं ३ आणि ६ टनाचे मिळून सतरा लाखांच्या आसपास स्टँड परत मागवले, दात आणि खिटी नीट खोल अडकत नव्हती आणि वजनाखाली सटकू शकत होती. नंतर बदली म्हणून दिलेल्यांपैकी काही ३ टनाच्या स्टँडमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत मागवले. तुमच्याकडं जुने असतील तर पाटीवरचा नंबर कंपनीच्या यादीत तपासा.

दातांचा स्टँड घेतलात तर आडवी सुरक्षा पिन असलेला घ्या. मी स्वतः भोकं आणि जाड पिन असलेलाच वापरतो, उंची कमी जास्त करायला वेळ लागतो पण पिन डोळ्यांना दिसते. गाडी स्टँडवर हळूच टेकवा, रिलीज व्हॉल्व एकदम उघडू नका, पाव फेरासुद्धा जास्त होतो. टेकल्यावर गाडी बाहेरून हातानं ढकलून हलवून बघा, हलायची असेल तर आत्ताच हलू दे. मग जॅक काढून टाकू नका, थोडा टेकवून राहू द्या. काढलेलं चाकही चेसिसखाली सरकवा.

प्रश्न (ठाणे): एअर सस्पेन्शनच्या बसला हा जॅक चालतो का?

उत्तर: चालतो, पण कंपनीनं खुणेनं दाखवलेल्या जागीच. एक्सल उचलला तरी बॉडी फुग्यांवर असते, फुग्यातली हवा गेली की बॉडी खाली बसते आणि एक्सल जागीच राहतो. डोकं त्या दोघांच्या मध्ये असेल तर संपलं. चेसिसखाली वेगळे स्टँड लावल्याशिवाय आत जायचं नाही.

प्रश्न (बीड): आत्ता या क्षणी गाडी वर आहे आणि जॅक खालीच येत नाही. रिलीज पूर्ण उघडलाय. पोरगा म्हणतो हातोडीनं ठोकू. काय करू?

उत्तर: यांना त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, पण बाकीच्यांसाठी लिहितो. हातोडी नाही. राम तिरक्या वजनानं अडकला असेल किंवा पार टोकापर्यंत वर गेला असेल, आणि ठोकलं की एकदम सुटतो, सगळं वजन घेऊन. सगळ्यांना गाडीपासून लांब करा, रिलीज व्हॉल्व परत बंद करा. शेजारी, त्याच एक्सलखाली, फळीवर दुसरा जॅक लावा, हाताचा असला तरी चालेल, आणि आधी त्या बाजूला स्टँड. दुसऱ्या जॅकनं गाडी बोटभर उचलली की पहिल्यावरचं वजन जातं आणि तो आपोआप मोकळा होतो, मग तो बाहेर ओढून घ्या आणि गाडी दुसऱ्या जॅकनं हळू उतरवा. अडकलेला जॅक उघडून राम बघेपर्यंत परत वापरायचा नाही.

बीडच्या दादांनी तसंच केलं, अर्ध्या तासात गाडी खाली आली. रामावर एका बाजूला लांब ओरखडा निघालाय म्हणाले. दादा, त्याचा जवळून फोटो पाठवा, राम बदलायचा की नुसता सील ते बघून सांगतो.